चिमूटभर मातीतली अनोळखी वस्ती

चिमूटभर माती पाण्यात ढवळायची, त्यातला थेंब पेट्री डिशमधल्या अगारवर, म्हणजे जिवाणूंच्या अन्नाच्या जेलीसारख्या थरावर, पसरायचा आणि डिश उबेला ठेवायची. दोन-तीन दिवसांत ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंची एकेक वसाहत. मातीतले जिवाणू कित्येक दशकं असेच मोजले गेले. पण तीच माती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की डिशमध्ये वाढलेल्या प्रत्येक जिवाणूमागे शंभराच्या आसपास दिसतात. ते मेलेले असतात असं नाही. आपण वाढलेलं अन्न त्यातल्या बहुतेकांना मानवत नाही, इतकंच.

मग त्यांना न वाढवताच ओळखायचं कसं? नॉर्वेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विग्डिस टॉर्सविक यांनी जंगलातल्या मातीतून थेट डीएनए काढला. तापवला की डीएनएचे दोन धागे सुटतात, निवला की आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात. देवळाबाहेरच्या ढिगात सगळ्या चपला एकसारख्या असतील, तर जोड लगेच लागतो. प्रत्येक जोड वेगळा असेल, तर शोधता शोधता वेळ जातो. या मातीतला डीएनए जुळायला फार वेळ लागला. त्यावरून १९९० साली हिशेब मांडला गेला: सुमारे ४,००० वेगवेगळे जीनोम, म्हणजे जिवाणूंचे संपूर्ण जनुकसंच! त्याच मातीतून डिशमध्ये वाढवलेल्या जिवाणूंपेक्षा ही विविधता सुमारे २०० पट होती.

आज हे काम नेमकं झालं आहे. चिमूटभर माती बारीक मण्यांसह नळीत घालून जोरात हलवतात. पेशी फुटतात, डीएनए बाहेर येतो. पण सोबत येतात पाचोळा कुजून तयार झालेली तपकिरी ह्युमिक आम्लं. करोनाकाळात ज्याचं नाव घरोघरी पोचलं तो पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पद्धत, त्यांच्यापुढे अडतो, म्हणून आधी ती धुऊन काढावी लागतात. मग १६ एस नावाच्या जनुकाच्या असंख्य प्रती करून वाचतात. हे जनुक प्रत्येक जिवाणूत असतं, पण त्यातला मजकूर गटागणिक थोडा बदलतो. त्यावरून कोणाचं कोणाशी नातं, हे कळतं.

एक सावधगिरी मात्र हवी. मातीत मेलेल्यांचा डीएनएही टिकून राहतो. अमेरिकेतल्या मातीच्या नमुन्यांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा वाटा सरासरी ४० टक्के निघाला. म्हणून आत्ता कोण कामात आहे, हे पाहायचं तर लवकर विघटन पावणारा आरएनए वाचावा लागतो.

आपल्या शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर अन्नद्रव्यं. जिवाणूंच्या या वस्तीची नोंद त्यात नाही. पण तिच्यातल्या बहुतेकांचं अन्न, म्हणजे सेंद्रिय कर्ब, तिथे नोंदलेलं असतं. तो आकडा नीट वाचा आणि उसाचं पाचट पेटवू नका, रानातच कुजू द्या. ते खाणारे तिथे आहेत.