मोटारीचें फ्लायव्हील हलकें करावें काय?

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीमुळें लेथ आमच्या शेतकरी बांधवांच्या दाराशीं आला आहे, आणि जीप बाळगणाऱ्या घरांतील तरुण मंडळी तिचें फ्लायव्हील कांतून हलकें करावें असा आग्रह धरूं लागली आहेत. हा विषय शेतीच्या मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु बाजारास माल नेणारी गाडी बिघडली तर तोटा शेतीसच होतो.

चार धावांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदांच जोर देतो. मधल्या काळांत सांठविलेल्या गतीवर इंजिन फिरतें ठेवणें हें या जड चाकाचें काम. विहिरीवरील एक सिलिंडरच्या इंजिनास एवढें मोठें चाक कां, याचें उत्तर यांतच आहे. त्यास तर कोणीं हात लावूंच नये.

चाक हलकें केल्यानें इंजिनाची शक्ति वाढत नाहीं, केवळ वेग लौकर चढतो व लौकर उतरतो. मध्यापासून १२ सेंटिमीटरवरून २ किलो लोखंड काढलें, तर पहिल्या गिअरमध्यें गाडीवरील सुमारें ७० किलो ओझें उतरल्यासारखें वाटतें, वरच्या गिअरमध्यें जेमतेम ५ किलो. शर्यतीस हें उपयोगी खरें. पण कापसाच्या गांठोड्यांनीं भरलेली गाडी चढावर उभी असतां क्लच सोडावा तर इंजिन बंद पडतें. आमच्या मतें ओझ्याच्या गाडीनें या फंदांत पडूं नये.

तरीही करणें असेल, तर धातु मागील बाजूनें व कडेजवळूनच काढावा. १४ सेंटिमीटरवरील एक किलो हा ५ सेंटिमीटरवरील किलोच्या जवळजवळ आठपट परिणाम करतो. मध्याजवळ कांतल्यानें लाभ थोडा आणि बोल्टांभोवतींचा भाग मात्र दुबळा होतो. बिडाच्या चाकांत तडा आहे कीं काय हें आधीं पाहावें. वेग दुप्पट झाला कीं चाकावरील ताण चौपट होतो, आणि चाक फुटल्यास तुकडे चालकाच्या पायांकडे येतात. ही थट्टा नव्हे.

कांतल्यावर तोल साधलाच पाहिजे. २० सेंटिमीटरवर अवघें १० ग्रॅम वजन अधिक राहिलें, तरी मिनिटास १५०० फेऱ्यांना तें सुमारें ५ किलोच्या जोरानें बेअरिंगास ओढतें. दोन समपातळ धारांवर शाफ्टासह चाक ठेवावें. जड बाजू खालीं येते. तेथें मागील बाजूस उथळ भोंक पाडावें. क्लचचें प्रेशर प्लेट बसवून, दोहोंवर खूण करून, यंत्रावर पुनः तोल पाहावा. मात्र कांहीं इंजिनांत कारखान्यानेंच एक बाजू हेतुपुरस्सर जड ठेवलेली असते. तसें चाक स्वतंत्रपणें समतोल केलें, तर इंजिनाचाच तोल जातो; त्याचें काम मूळ चाकाशीं ताडून करावें लागतें.

बसवितांना बोल्ट नवे घ्यावेत, कारखान्यानें सांगितलेल्या मापानेंच आवळावेत, आणि प्रथम इंजिन चालू करतांना चाकाच्या रेषेंत कोणीं उभें राहूं नये.