अडगळीतील चेतक

बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या मार्गावर आमचे लालबर्रा वसले आहे. अशा गावांतून एखाद्या घराच्या ओसरीत किंवा गोठ्याच्या आडोशाला, धानाच्या पोत्यांमागे, धुळीने माखलेली जुनी स्कूटर उभी असलेली दिसते. घरच्या कर्त्या पुरुषाने ती घेतलेली असते. त्याच्या पश्चात ती कोणी चालविली नाही, आणि भंगारात घालण्यास कोणाचे मनही धजले नाही. सुट्टीत घरी आलेला नातू तिच्यावरचे पोते दूर करतो आणि विचारतो, “आजी, ही सुरू करून पाहू का?”

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या उत्तरावर गाडीचे आयुष्य अवलंबून असते, आणि प्रसंगी नातवाचेही. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

अशा स्कूटरींत सर्वांच्या परिचयाची म्हणजे बजाज चेतक. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण करणारी ही गाडी १९७२ साली बाजारात आली. पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून ती देशभर जाई. त्या काळी किती गाड्या बनवाव्यात यावर सरकारचे नियंत्रण होते. त्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. इतक्या प्रतीक्षेनंतर दारी आलेल्या वस्तूवर घराचा जीव का जडतो, हे निराळे सांगावयास नको. पुढे मोटारसायकलींचे दिवस आले, आणि २००९ च्या डिसेंबरात कंपनीने स्कूटर बनविणे थांबविण्याचे जाहीर केले. २०२० पासून चेतक याच नावाने विजेवर चालणारी स्कूटर मिळू लागली आहे. परंतु आपण बोलत आहोत ती पेट्रोलच्या जुन्या गाडीविषयी.

चेतक सुरू होईना म्हणजे ती एका बाजूस तिरपी करावयाची आणि मग किक मारावयाची, ही रीत घरोघरी ठाऊक आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला हा उपाय पुष्कळदा लागू पडे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीला मात्र तो पुरा पडत नाही, कारण येथे अडचण पेट्रोल न पोहोचण्याची नसून जे पोहोचेल त्याची आहे. टाकीत साठून राहिलेले पेट्रोल हळूहळू उडून जाते व मागे चिकट राळ उरते. ती कार्बुरेटरमधील सुईएवढी छिद्रे बुजवून टाकते. आपल्याकडच्या पावसाळ्याच्या दमट हवेने टाकीत गंज धरतो. सिलिंडरात पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटल्या असतील, तर जोराच्या एका किकने त्या मोडू शकतात किंवा सिलिंडरवर ओरखडे उठतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम गाडी मोकळ्या अंगणात आणावी. इंजिनावरील झाकण काढून उंदरांचे घरटे, आणि सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाशीची माती आहे काय, हे पाहावे. जुने पेट्रोल सर्व काढून टाकावे. ते विहिरीजवळ वा नाल्यात ओतू नये. हे काम चालू असता जवळ चूल, दिवा किंवा विडी नसावी.

स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून तेलाचे थोडे थेंब सिलिंडरात सोडावेत आणि रात्रभर राहू द्यावेत. दुसऱ्या दिवशी किकचा दांडा पायाने नव्हे, तर हाताने हळूच दाबून पाहावा. इंजिन फिरले तर उत्तम. न फिरल्यास बळ न लावता जुन्या मिस्त्रीस बोलवावे. कार्बुरेटर उघडून धुवावा, पण त्याची छिद्रे तारेने कोरू नयेत. ती मोठी झाली की पेट्रोलचे माप बिघडते. रबराची पेट्रोलनळी नवीच घालावी. आज पंपावरील पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ मध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरास मानवत नाही.

नव्या पिढीस ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. जुन्या दोन-स्ट्रोक चेतकच्या पेट्रोलमध्येच टू-टी तेल मिसळावे लागते. सामान्यतः लिटरला २० मिलिलिटर. निव्वळ पेट्रोल घातल्यास गाडी सुरू होईल, थोडी धावेलही, आणि मग इंजिन जागीच जाम होईल. गिअरचे तेल वेगळे असते, तेही बदलावे. बॅटरी मेली म्हणून मात्र निराश होऊ नये, कारण या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते.

यानंतर चाके आणि ब्रेक. भेगा पडलेला टायर नक्षी शाबूत असली तरी टाकून द्यावा. चाकाची रिम दोन भागांची असते. हवा पूर्ण सोडल्यावाचून ते जोडणारे नट कदापि उघडू नयेत. ब्रेकच्या गंजलेल्या केबल बदलाव्यात.

शेवटी कागदपत्रे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. गाडी दिवंगत व्यक्तीच्या नावावर असल्यास वारसाने ती आपल्या नावे करून घ्यावी. तृतीय पक्षाचा विमा आणि प्रदूषण तपासणीचा दाखला यांवाचून रस्त्यावर येणे बेकायदा आहे. अपघात झाला, तर विमा नसलेल्या गाडीमुळे दोन घरे बुडतात: एक जखमी झालेल्याचे आणि दुसरे आपले.

खर्चाचा हिशेबही आधीच करावा. तो झेपणारा नसेल, तर गाडी मान्यताप्राप्त भंगार केंद्रास देऊन नोंदणी रद्द करून घेण्यात वडिलांचा अनादर मुळीच नाही. धूळ खात सडत ठेवण्यापेक्षा ते बरे.

आणि सर्व जुळून येऊन इंजिनाने एकदाचा आवाज दिलाच, तर प्रारंभी निघणाऱ्या दाट धुराने घाबरू नये. सिलिंडरात सोडलेले तेल जळत असते. बंद खोलीत मात्र इंजिन चालू ठेवू नये, तो धूर प्राणघातक ठरतो. त्या आनंदाच्या भरात आजीला मागे बसवून कोणी बाजाराची वाट धरू नये. अंगणातच दोन फेऱ्या माराव्यात, दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, पेट्रोल कोठे गळते काय ते तपासावे. आजीने इतकी वर्षे वाट पाहिली आहे. आणखी आठ दिवस ती सुखाने थांबेल.