मांडीच्या आतले पाच उद्योगी

चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली की माणसाचं हसू अर्ध्यावर अडतं. ते पूर्ण करायला लागणारा स्नायू शल्यविशारद कुठून आणत असतील? मांडीच्या आतल्या बाजूने! १९७६ साली कियोनोरी हारी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. ग्रॅसिलिस नावाच्या लांबट स्नायूचा भाग त्याच्या रक्तवाहिन्या आणि चेतातंतूसकट काढायचा, चेहऱ्यावर बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचा. काही महिन्यांनी तो आकुंचन पावू लागतो आणि ओठाचा कोपरा वर उचलतो. याहून नवलाची गोष्ट म्हणजे मांडीला या दानाची फारशी झळ बसत नाही. ग्रॅसिलिसचं काम सांभाळून घेणारे आणखी चार स्नायू तिथे असतात.

खुर्चीत बसून दोन्ही गुडघ्यांमध्ये मूठ धरा आणि गुडघे आवळा. जांघेपाशी ताठ दोरीसारखं काहीतरी बोटांना लागेल. ती अ‍ॅडक्टर लाँगसची कंडरा. त्याच्या आसपास पेक्टिनियस, अ‍ॅडक्टर ब्रेव्हिस, अ‍ॅडक्टर मॅग्नस आणि आपला ग्रॅसिलिस. पाचही जण ओटीपोटाखालच्या हाडापासून निघतात. चौघं मांडीच्या हाडावर थांबतात. ग्रॅसिलिस मात्र गुडघा ओलांडून नडगीच्या हाडापर्यंत जातो. मॅग्नस सगळ्यांत मोठा. त्याच्या दोन भागांना दोन वेगवेगळ्या चेतातंतूंकडून हुकूम येतात आणि गुडघ्याच्या वर त्याच्यात चक्क एक खिंड असते. पायाची मुख्य रोहिणी मांडीच्या पुढून गुडघ्याच्या मागे जाते ती याच खिंडीतून.

या पाच जणांचं काम काय, असं विचारलं तर उत्तर सोपं वाटतं: मांड्या जवळ आणणं. मल्लखांबावरचा खेळाडू एरंडेल चोपडलेल्या गुळगुळीत लाकडावर डोकं खाली करून, हात मोकळे सोडून नुसत्या मांड्यांनी तोलून राहतो, तेव्हा हे उत्तर डोळ्यांनी दिसतं. पण ते अपुरं आहे. दिवसभरात आपण मांड्या आवळतो तरी किती वेळा? आणि तेवढ्यासाठी शरीर एवढे दणकट स्नायू कशाला बाळगेल?

खरी गंमत कोनांमध्ये आहे. धावताना मांडी मागे गेलेली असते, तेव्हा अ‍ॅडक्टर लाँगस तिला पुढे ओढतो. तीच मांडी उचलून बरीच पुढे नेली की खुब्याच्या संदर्भात त्याच्या ओढीची दिशा उलटते आणि तोच स्नायू तिला मागे ओढू लागतो. झोपाळा कुठल्याही टोकाला गेला तरी त्याला मध्याकडे ढकलणारा एकच माणूस असावा, तसं. एका पायावर उभं असताना, वळताना, जिना चढताना कंबर डगमगू न देणं हेही यांच्याकडेच.

म्हणूनच आतल्या मांडीचा व्यायाम म्हणजे केवळ गुडघ्यांत काहीतरी दाबणं नव्हे. २०१९ साली जपानमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात तरुणांच्या एका गटाने दहा आठवडे वजन घेऊन पूर्ण खाली जाणाऱ्या बैठका मारल्या, दुसऱ्याने अर्ध्या. पूर्ण बैठकवाल्यांचे आतल्या मांडीचे स्नायू सरासरी ६.२ टक्क्यांनी वाढले, अर्ध्यावाल्यांचे २.७ टक्क्यांनी. खोल बैठकीतून वर येताना मांडीला मागे ओढण्याचं काम, म्हणजे त्या उलटलेल्या ओढीचं काम, या स्नायूंवर पडतं.

मांडी आखडलेली असते म्हणून जांघ दुखावते, असा आपला सर्वसाधारण समज. २००१ साली टिमथी टायलर आणि सहकाऱ्यांनी नॅशनल हॉकी लीगमधल्या आइस हॉकीपटूंची हंगामाआधी तपासणी केली. पुढे ज्यांच्या जांघेतला स्नायू दुखावला, त्यांची लवचीकता इतरांपेक्षा कमी नव्हती, ताकद कमी होती. पाय आत ओढणारी ताकद बाहेर नेणाऱ्या ताकदीच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर दुखापतीची शक्यता १७ पट!

जुनाट दुखण्यातही हेच दिसलं. १९९९ साली डेन्मार्कच्या पेर होल्मिक यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६८ खेळाडूंवरचा प्रयोग मांडला. एका गटाला मालिश, लेझर, ताण देणं असे उपचार मिळाले. दुसऱ्याने ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम केले. दुखणं विसरून मैदानात परतले ते पहिल्या गटातले चार, दुसऱ्यातले तेवीस. त्या व्यायामांतला एक इतका साधा, की घरी कुणालाही जमेल: पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे, मध्ये चेंडू धरून ३० सेकंद दाबायचा.

पुढची पायरी कोपनहेगन व्यायामाची. कुशीवर वळून कोपरावर टेका. वरचा पाय बाकावर किंवा खुर्चीवर ठेवा, खालचा मोकळा. आता वरच्या पायाने बाक खाली दाबत कंबर उचला, खालचा पाय वर आणून जोडा आणि सावकाश खाली या. नवख्याने गुडघा बाकावर ठेवावा; ताकद आली की पाऊल. पाऊल टेकलं की तरफ लांबते आणि तेच वजन कितीतरी जड होतं. खाली येताना स्नायू लांबत असतानाच भार पेलतो, आणि मैदानात तो दुखावतो तोही बहुधा अशाच क्षणी. नॉर्वेतल्या ६५२ फुटबॉलपटूंच्या चाचणीत या एका व्यायामाने जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटला.

मग ताण देणं वायाच का? मुळीच नाही, फक्त कुणाला ताणतोय हे ठाऊक हवं. बद्धकोनासनात तळपाय जोडून गुडघे बाहेर सोडले की गुडघा वाकल्याने ग्रॅसिलिस सैल पडतो आणि ताण आखूड स्नायूंवर जातो. उपविष्टकोनासनात पाय सरळ फाकवले की गुडघा ओलांडणारा ग्रॅसिलिस ताणला जातो. त्यामुळे एक आसन जमतं आणि दुसरं नाही, यात नवल नाही. काही आठवड्यांत वाढलेली लवचीकता ही बरीचशी स्नायू लांबल्याची नसते. तेवढा ताण सोसायला मज्जासंस्था तयार होते. आणि खुब्याच्या बाहेरच्या किंवा पुढच्या बाजूला टोचायला लागलं, तर तिथे बहुधा हाडाला हाड अडतंय. कुणाचा खुबा खोल, कुणाचा उथळ. गुडघे दाबून जमिनीला टेकवण्याचा हट्ट तिथे सोडावा.

एक अपेक्षा मात्र ठेवू नये. या व्यायामांनी मांडीच्या आतली चरबी नेमकी तिथूनच वितळत नाही. चरबी कुठून जाणार हे शरीर ठरवतं. आणि जांघेत अचानक कळ आली, चालताना दुखू लागलं किंवा गरोदरपणात ओटीपोटाच्या सांध्यात वेदना असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावं.

नॉर्वेतले खेळाडू हंगामापूर्वी आठवड्यातून तीनदा कोपनहेगन करत आणि सामने सुरू झाल्यावर फक्त एकदा. पहिल्या काही दिवसांत मांड्या ठणकतील, हे धरून चालावं. आपण आठवड्यातून दोन दिवस चेंडू दाबण्यापासून सुरुवात करावी, ते सोपं वाटू लागलं की गुडघा बाकावर ठेवावा, आणि पाऊल ठेवण्याची घाई करू नये.