सूत त्यांचे, माग आपला

५२ पिकाचे साधे कापड घ्या. पिक म्हणजे आडवा धागा, आणि इंचाला असे ५२ धागे. एका मीटरमध्ये इंच बसतात ३९ आणि वर थोडे. म्हणजे मीटरभर कापड विणायचे तर हा धागा नेणाऱ्या धोट्याला या टोकाकडून त्या टोकाला दोन हजारांहून जास्त फेऱ्या कराव्या लागतात. साधा यंत्रमाग मिनिटाला साधारण दीडशे फेऱ्या मारतो. धागा तुटला नाही, कांडी संपली नाही, वीज गेली नाही, तर मीटर पुरे व्हायला चौदा मिनिटे. इचलकरंजीत विणणाऱ्या कामगाराची मजुरी ठरते ती याच ५२ पिकाच्या मीटरवर. इथले संप, मोर्चे, बैठका, करार हे सारे या एका मीटरला किती पैसे, या प्रश्नाभोवती झाले आहेत. शहर समजून घ्यायला हे माप हातात धरूनच निघावे.

कोल्हापूरपासून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, पंचगंगेच्या काठी इचलकरंजी आहे. गावात रेल्वे नाही, जवळचे स्टेशन हातकणंगल्याचे. तालुक्याचे ठिकाणही हातकणंगलेच, इचलकरंजी नव्हे. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २ लाख ८७ हजारांवर होती आणि तरी ते कागदोपत्री हातकणंगले तालुक्यातले एक नगरपालिकेचे शहर. नगरपालिकेची महानगरपालिका व्हायला २०२२ उजाडावे लागले. शासनाने दिले म्हणून इथे उद्योग आले, अशी ही गोष्ट नाही. उद्योग आधी वाढला, शासन मागून आले.

शहरात शिरल्यावर आवाज येतो. गावभाग असो, विक्रमनगर असो की शहापूर, कुठल्या तरी भिंतीमागे माग चालू असतातच. अनेक घरांत खाली माग आणि वर संसार. पाळी चालू असताना वरच्या मजल्यावरची भांडी हलकी थरथरतात. मागाच्या खात्यात दोन माणसे शेजारी उभी राहिली तरी बोलणे ऐकू जात नाही, म्हणून माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवायचे ते हातवाऱ्यांनी. बाहेरून आलेल्याला तासाभरात डोके दुखते. इथली मुले त्याच आवाजात झोपतात, आणि वीज गेली की जागी होतात.

मागांच्या आधी हे घोरपड्यांच्या जहागिरीचे ठिकाण. नारो महादेव जोशी हे संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढले आणि धन्याचेच आडनाव त्यांनी लावले. त्यांचे चिरंजीव व्यंकटराव यांना पेशवे बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई दिली होती. म्हणजे पहिल्या बाजीरावाची बहीण या घराची सून. पेशवाईशी सोयरीक आणि कोल्हापूरच्या गादीची सीमा, या दोन्हींच्या मध्ये ही जहागीर दीर्घकाळ तग धरून राहिली. ज्यांना त्या घडामोडी तपशिलाने हव्या असतील त्यांनी वासुदेव वामन खरे यांचा संस्थानचा इतिहास पाहावा. आपल्याला इथे पुढे सरकायचे आहे, कारण शहराचे वळण बदलले ते नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात.

नारायणरावांना गाण्याची, ग्रंथांची आणि यंत्रांची सारखीच ओढ होती. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर त्यांच्याच आश्रयाला होते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे गुरू. बुवांच्या नावात हे गाव कायमचे बसले, आणि आजही गाण्याच्या जाणकारांना इचलकरंजी आधी आठवते ती बुवांमुळे, कापडामुळे नंतर. याच जहागिरीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्यांच्या पाठीशी जहागीरदार होते.

साल लक्षात घेण्यासारखे आहे. बंगालच्या फाळणीनंतर उसळलेली स्वदेशीची चळवळ अजून वर्षभर दूर होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांची किर्लोस्करवाडी औंध संस्थानात उभी राहायला सहा वर्षे होती. ब्रिटिश मुलखात कापडाचे यंत्र म्हणजे मुंबईची गिरणी, शेकडो माग, मोठे भांडवल. दातारांनी दाखवले की यंत्र लहानही असू शकते, एक माणूस एक माग घेऊन बसू शकतो. मला या शहराच्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. हातमागावर लुगडी विणणाऱ्या कोष्ट्यांच्या, साळ्यांच्या घरांत विणण्याची अक्कल पिढ्यान्‌पिढ्या होतीच. देवांग कोष्ट्यांची चौंडेश्वरी या गावात आधीपासून नांदते आहे. हात तयार होते, त्यांना एक सुटा माग मिळाला, आणि एकाचे पाहून दुसऱ्याने घेतला.

म्हणूनच इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात ते मला पटत नाही. मँचेस्टरच्या आसपास गिरणीमालक होते आणि गिरणीत जाणारे मजूर होते. इथे कापडाची मोठी गिरणी नव्हती. सोन्याची मोड करून, सोसायटीचे कर्ज काढून, शेताचा तुकडा विकून माणसे चार माग घेत गेली. कालचा कामगार आज मालक झाल्याची उदाहरणे इथे प्रत्येक गल्लीत सापडतात. घराची ऐपत शेजारच्या शिरोळ तालुक्यात एकरांत मोजतात, इथे ती मागांत मोजली जाते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि जहागिरीचा काळ संपला. पुढच्या दशकांत केंद्राच्या धोरणाने मागवाल्यांना कधी जवळ केले, कधी दूर लोटले. १९५४च्या कानुनगो समितीने हातमागांचे यंत्रमाग व्हावेत असे सुचवले, तर दुसऱ्या बाजूला हातमाग वाचवायचा म्हणून ठरावीक माल यंत्रमागावर विणायला बंदी होत राहिली. इचलकरंजीने आपला माल त्याप्रमाणे बदलला. रंगीत लुगडी मागे पडली. धोतर, मलमल, केंब्रिक, पॉपलिन पुढे आले. १९८२ साली दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालच्या कामगारांच्या संपात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि त्या कधीच पुरत्या उघडल्या नाहीत. तिथले विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे वळले. गिरणगावात चुली विझत होत्या त्याच वर्षांत इथे नव्या मागांचे पाये भरले जात होते. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबाच्या आहेत: गिरणीत जे कापड विणायला भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस द्यावा लागे, तेच कापड चार-चार मागांच्या खात्यांतून त्याविना निघू लागले.

आज शहरात आणि खोतवाडी, तारदाळ, यड्राव अशा लगतच्या गावांत मिळून यंत्रमाग लाखाच्या घरात आहेत. पण या मागांवर जे सूत चढते त्यातले पुष्कळ मागवाल्याचे नसते. इथे एक शब्द कळायला हवा: खर्चीवाला. व्यापारी उभ्या धाग्याचे बीम आणि आडव्या धाग्याचे सूत देतो. खर्चीवाला यंत्रमागधारक आपली जागा, आपले माग, आपली वीज आणि आपले कामगार लावून कापड विणून परत देतो. त्याला पिकामागे ठरलेले पैसे मिळतात. त्यातून वीजबिल, कामगार, जॉबर, दिवाणजी, कांडी, वहिफणी, घडी आणि बँकेचा हप्ता भागवून जे उरेल ते त्याचे.

बाजार पडला की व्यापारी काही बोलत नाही. त्याच्याकडून पुढचा बीम येत नाही, एवढेच. माग उभे राहतात. मालक त्या दिवशी कामगाराला काढत नाही, पण मजुरी पिकावर असल्याने माग उभा म्हणजे कामगाराची कमाईही उभी. घाटा असा वरून खाली उतरतो आणि शेवटी चार माग सांभाळणाऱ्या माणसाच्या आठवड्याच्या पगारात मुरतो. जे स्वतः सूत विकत घेऊन विणतात त्यांची गोष्ट वेगळी, पण सोपी नाही. सुताचा भाव कापसाबरोबर हलतो, कोऱ्या कापडाचा भाव रंगाई करणाऱ्या पाली-बालोतरा, अहमदाबादच्या पेढ्यांवर ठरतो. माल उधारीवर जातो. एखादी पेढी रातोरात बंद झाली तर इथल्या पाच-पन्नास घरांची वर्षाची पुंजी तिच्याबरोबर जाते. सुताचा भाव दुसऱ्याच्या हातात, कापडाचा भाव तिसऱ्याच्या. आपल्या हातात माग, आणि मागाचे वीजबिल.

वीजबिल तर इथे राजकारणाचा कणा आहे. २७ अश्वशक्तीच्या आतले मागवाले आणि वरचे मागवाले अशी शासनाच्या सवलतीची रेघ आहे. विधानसभेत वस्त्रोद्योगावर चर्चा निघाली की इचलकरंजीच्या चहाच्या टपरीवर युनिटच्या दराचे आकडे तोंडपाठ बोलले जातात. २०१६च्या नोटबंदीने रोखीने चालणारे आठवड्याचे पगार अडकले, २०१७ला जीएसटी आला, आणि २०२०च्या टाळेबंदीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार गावी परतले. तिन्ही धक्क्यांत लहान खातीच आधी बंद पडली.

एकट्यादुकट्याचे हे हाल ओळखूनच इथल्या मागच्या पिढीने सहकार उभा केला. पंचगंगा सहकारी साखर कारखाना हे घटना समितीचे सदस्य राहिलेल्या देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार यांचे काम. दत्ताजीराव कदम यांनी डेक्कन सहकारी सूतगिरणीतून मागवाल्याला गावचे सूत दिले. कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्या काळात महिलांची सहकारी सूतगिरणीही झाली. दुसऱ्या बाजूने कामगारांच्या संघटना होत्या. लाल बावट्याचे आमदारही इथून विधानसभेत गेले. आचार्य शांताराम गरुड यांनी १९७७ साली समाजवादी प्रबोधिनी काढली ती पुण्या-मुंबईत नव्हे, इचलकरंजीत. पु. ल. देशपांडे अध्यक्ष असलेले मराठी साहित्य संमेलन १९७४ साली या गावाने भरवले. मागाच्या गावाला वाचायला वेळ कुठून, असे म्हणणाऱ्यांनी हे दोन सन लक्षात ठेवावेत.

घोरपड्यांच्या राजवाड्यात आज वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दत्ताजीराव कदम यांच्या नावाची ही डीकेटीई संस्था १९८२ साली सुरू झाली. जहागीरदारांच्या वाड्यात मागवाल्यांची मुले धाग्याचा पीळ आणि कापडाची वीण शिकतात. त्यांना मी मनापासून शुभेच्छा देतो, कारण त्यांच्यासमोर जो माग आहे तो वडिलांचा नाही. रेपियर आणि एअरजेट मागांना धोटा नसतो. एअरजेट हवेच्या झोताने धागा फेकतो आणि मिनिटाला सहाशेच्या वर पिक मारतो. साध्या मागाच्या चौपट. पण त्याची किंमत चार माग घेणाऱ्या माणसाच्या आवाक्यातली नाही. साधे माग भंगाराच्या भावाने वजनावर विकले जातात आणि त्या जागेत मोजकी नवी यंत्रे बसतात. कापड जास्त निघते, चांगले निघते, परदेशी जाण्याच्या लायकीचे निघते. पण एका मागापासून मालक होण्याची जी वाट १९०४ साली उघडली होती, ती या यंत्राबरोबर अरुंद होत चालली आहे.

आणि पाणी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचे पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापूरवरून येते आणि पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. या दोन्हींच्या मध्ये इचलकरंजी. वरच्या शहरांचे, कारखान्यांचे सांडपाणी घेऊन नदी येते आणि इथल्या सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचे आणि कापडाच्या प्रोसेसचे पाणी काळ्या ओढ्याने तिला मिळते. सामुदायिक प्रक्रिया केंद्र आहे, तरी नदीकाठी उभे राहिले की नाकाला उत्तर मिळते. पावसाळ्यात २००५, २०१९, २०२१ सारखा महापूर घरात शिरतो. उन्हाळ्यात त्याच नदीचे पाणी तोंडात घेववत नाही. २०१२च्या उन्हाळ्यात सांडपाणी नळात मिसळले आणि काविळीची साथ आली. हजारो आजारी पडले, माणसे दगावली. त्यानंतर कृष्णेच्या मजरेवाडी योजनेच्या जुन्या जलवाहिनीला गळती, वारणेच्या योजनेला वारणाकाठचा विरोध, दूधगंगेच्या सुळकूड योजनेला तिथल्या शेतकऱ्यांचा विरोध, असे वर्षामागून वर्ष गेले. विरोध करणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. एका नदीची घाण झालेली त्याने पाहिली आहे. पण पंचगंगा स्वच्छ करणे हे काम टाळून दुसऱ्या नद्यांच्या दारात जायचे, हा मार्ग मला लाजिरवाणा वाटतो.

पाळी बदलायच्या वेळेला रस्त्यावर उभे राहिले की सायकली आणि मोटारसायकली एकामागून एक जातात. जाणाऱ्याच्या एका हाताला डबा असतो. परतणाऱ्याच्या अंगावर कापसाची पांढरी लव असते, आणि हँडलला पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन.