दूध तुटते तेव्हा : वराहपिलांची वाढ का खुंटते?

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. भात, आंबा व काजू यांच्या जोडीला शेळ्या आणि कोंबड्या पाळणे या टापूला नवे नाही. वराहपालन मात्र येथे अद्याप रुळलेले नाही. शेजारच्या गोव्यात आगोंद गावाच्या नावाने ओळखली जाणारी ‘आगोंद गोवन’ ही काळी, काटक जात देशातील नोंदणीकृत वराहजातींमध्ये गणली जाते. कोकणात एखाद्या तरुणाने वा बचत गटाने कर्ज काढून हा व्यवसाय आरंभला, तर त्याची खरी कसोटी मादी व्यायली त्या दिवशी लागत नाही. ती पिलांचे दूध तोडले त्या आठवड्यात लागते.

निसर्गात रानडुकराचे पिलू दहा-बारा आठवड्यांत हळूहळू दुधावरून चाऱ्यावर येते. पाळीव पिलाचे दूध आपल्याकडे बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी, तर पाश्चात्त्य देशांत तीन ते चार आठवड्यांनीच, आणि तेही एका दिवसात तोडले जाते. दर तासा-दीड तासाने मिळणारे कोमट दूध थांबते, आई दुरावते, पुढ्यात कोरडे खाद्य येते. पिलू एक-दोन दिवस जवळजवळ उपाशीच राहते.

या उपासाचा परिणाम शरीरात कसा घडतो, हे जाणण्याजोगे आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी वृद्धी संप्रेरक स्रवते. हे संप्रेरक हाडामांसाची वाढ मुख्यत्वे स्वतः करीत नाही. ते यकृताला आदेश देते आणि यकृत ‘आयजीएफ-१’ नावाचा वृद्धिघटक तयार करते. असा मध्यस्थ असला पाहिजे हे सॅल्मन व डॉहाडे या अमेरिकी संशोधकांनी १९५७ मध्ये प्रथम दाखविले. दूध तुटल्यावर विलक्षण गोष्ट घडते. रक्तातील वृद्धी संप्रेरक घटत नाही, उलट वाढू शकते. पण आयजीएफ-१ मात्र झपाट्याने खाली येते. आदेश सुटतो, परंतु यकृत तो ऐकत नाही.

याचे कारण जनुकांच्या कार्यात आहे. पिलाची जनुके बदलत नाहीत. कोणते जनुक किती प्रमाणात कार्यान्वित व्हावे, हे बदलते. आहार घटला की इन्सुलिन घटते आणि वृद्धी संप्रेरकाचा ग्राहक घडविणारे जनुक यकृतात मंदावते. पाठोपाठ आयजीएफ-१ चे जनुकही मंदावते. कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक त्याच सुमारास वाढलेले असते. उपाशी शरीराने वाढीचा खर्च तहकूब करून जीव जगविण्यास प्राधान्य दिले, असा याचा अर्थ. म्हणूनच ‘वाढीचे इंजेक्शन’ विकणाऱ्याच्या बोलण्यास भुलू नये. तुटवडा संप्रेरकाचा नसून पोटात पडणाऱ्या अन्नाचा असतो.

आतड्याचीही हीच अवस्था होते. अन्नरस शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म अंकुर काही दिवसांतच आखूड होतात, दुधातील शर्करा पचविणारे विकर कमी होते. नेमकी याच वेळी हगवण लागते. युरोपीय संघाने हगवणीवरील झिंक ऑक्साइडचा औषधी मात्रेतील वापर जून २०२२ पासून बंद केला, तेव्हा तेथील पशुपालकांनाही पुन्हा खाद्य व व्यवस्था यांकडेच वळावे लागले.

उपाय खर्चाचे नाहीत, पण नेमाने करावयाचे आहेत. दोन आठवड्यांच्या वयापासून आईला पोहोचता येणार नाही अशा कोपऱ्यात पिलांसाठी मऊ, पचनास हलका, प्रथिनयुक्त खुराक थोडा थोडा ठेवावा. दूध तोडताना पिलांना न हलविता आईला हलवावे. निरनिराळ्या मादींची पिले त्या दिवसांत एकत्र करू नयेत. खच्चीकरण वा लसीकरण त्याच आठवड्यात उरकण्याचा मोह टाळावा. कोकणच्या पावसाळ्यात खाली कोरडा पेंढा नसेल, तर पिलू खाल्लेले अन्न अंग ऊब ठेवण्यातच खर्च करते. हॉटेलातील उष्टे खरकटे स्वस्त पडते खरे, परंतु २०२० मध्ये भारतात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवरच्या पार्श्वभूमीवर ते चांगले उकळल्यावाचून देणे धोक्याचे आहे. शिवाय नुकत्याच दूध तुटलेल्या पिलाला ते पचतही नाही.

दूध तोडल्याच्या दिवशी आणि नंतर सातव्या दिवशी प्रत्येक पिलाचे वजन वहीत टिपावे. सातव्या दिवशीचे वजन पहिल्यापेक्षा कमी भरल्यास प्रथम खाद्याची गव्हाण व पाण्याचे भांडे तपासावे; हगवण दिसल्यास मात्र त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.