ले-ऑफ झाला? मग परत कधी जायचं?

माझी एक मैत्रीण. हिंजवडीतल्या एका बड्या कंपनीत सहा वर्षं. मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकराला एचआरचा 'क्विक कॉल' आला आणि साडेअकराला लॅपटॉप लॉक! वीकेंडला आम्ही दोघी लालबागला तिच्या घरी गेलो. जेवणं झाल्यावर तिने एकदाचं सांगून टाकलं, ''माझा ले-ऑफ झाला.'' आई रडायच्या बेतात. आजोबा मात्र एकदम कूल. चहा बशीत ओतत म्हणाले, ''होतं गं असं. परत कधी बोलावलंय?''

आम्हाला वाटलं, त्यांना कळलंच नाही. अहो, कळलं नव्हतं ते आम्हाला!

आजोबा गिरणीतले. त्यांच्या काळी ले-ऑफ म्हणजे वीज नाही, कच्चा माल नाही किंवा मशीन बिघडलंय, म्हणून काही दिवस घरी. मस्टरवर नाव कायम. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात घातलेली व्याख्याही हीच होती आणि नियमात बसणाऱ्या कामगाराला त्या दिवसांचा मूळ पगार नि महागाई भत्ता निम्मा मिळायचा. कायमचं काढण्याला शब्दच वेगळा, 'रिट्रेंचमेंट'. आपल्या भाषेत सरळ कपात. आयटीने हा शब्द अमेरिकेकडून उचलला तेव्हा त्यातलं 'परत या' कधीच गळून पडलं होतं.

'डाउनसायझिंग'ची गंमत तर विचारूच नका. सत्तरच्या दशकात अमेरिकेत तो मोटारी लहान करण्यासाठी वापरायचे! पुढे तो माणसांना लागला, बोचायला लागला, मग आलं 'राइटसायझिंग'. म्हणजे तुम्ही गेलात की साइझ राइट. वा!

मग आजोबांना 'बेंच' समजावला. प्रोजेक्ट नसेल तेव्हा नुसतं बसायचं, पुढचं येईपर्यंत. ''म्हणजे बदली कामगार!'' ते लगेच म्हणाले. बदलीवाले रोज गेटवर हजर, कुणी गैरहजर असलं तरच आत. नाहीतर दिवस फुकट. ''आणि तुम्हाला बसून पगार?'' ते थक्कच झाले. मैत्रीण त्या दिवशी पहिल्यांदा हसली. चार महिने बेंचवर असताना तिला रात्रभर झोप लागायची नाही, हे मात्र तिने सांगितलं नाही. मीही गप्प.

निघताना ती मोबाइलवर लिंक्डइन उघडून बसली होती. फोटोभोवती 'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी लावायची की नको? आजोबांनी डोकावून विचारलं, ''हे काय?''

''गेटवर उभी आहे म्हणून सांगायचं, आजोबा.''

पट्टी तिने अजून लावलेली नाही. सोमवारी इंटरव्ह्यू आहे.