ऊसवाहतुकीचे ट्रक : नुसता पंप वाढवू नका



हंगाम तोंडावर आला की आपले ट्रकमालक सभासद गाड्या दुरुस्तीला काढतात. कोल्हापुरात कोणी मंगळवार पेठेत मिस्त्रीकडे जातो, कोणी उद्यमनगरात. तिथे एक सल्ला हमखास मिळतो, "पंप वाढवा, चढाला गाडी पळेल." जोडीला मोठा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सरही सुचवतात. यात तथ्य किती, ते आम्ही येथे सांगत आहोत.

१ किलो डिझेल पुरते जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिनला त्याहून जास्तच लागते. नुसता पंप वाढवला तर डिझेल वाढते, हवा तेवढीच राहते आणि अर्धवट जळालेले डिझेल काळा धूर होऊन जाते. पुष्कळांना तो धूर ताकदीची खूण वाटतो. खरे तर तो तुमचाच पैसा उडत असतो. शिवाय उष्णता वाढून पिस्टन, व्हॉल्व्ह, टर्बो भाजून निघतात ते वेगळेच.

उलट, नुसता फिल्टर-सायलेन्सर बदलला तर आवाज वाढतो, ताकद नावापुरतीच; कारण डिझेल तेवढेच. पाट रुंद केला पण पुढची मोरी अरुंदच ठेवली, तर पाणी तुंबते. तसेच हे आहे. हवा, डिझेल आणि धुराची वाट ही तिन्ही एकमेकांना जुळली पाहिजेत.

म्हणून आधी साधी कामे करा. पाणंदीच्या धुळीने फिल्टर चोंदतो, तो बदला. हवेचे पाइप कुठे फुटलेत का पाहा. नोझल तपासा, पंप कंपनीच्या मापावर लावा, चेपलेला सायलेन्सर बदला. पुष्कळदा गेलेली ताकद एवढ्यानेच परत येते.

एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ गाड्यांत डिझेलचे माप संगणक ठरवतो. धूर गाळणारी यंत्रणाही असते. तिला हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

आणखी एक. इंजिनची ताकद वाढली म्हणून ब्रेक, टायर आणि पाटे वाढत नाहीत. जादा भरती करू नका.

गाडी वाटेत बसली की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. नुकसान एकट्या गाडीवाल्याचे होत नाही, ऊस पिकवणाऱ्याचे आणि कारखान्याचेही होते. तेव्हा मोळी पडण्याआधीच गाडी नीट तपासून घ्यावी, ही विनंती.